जीर्णोद्धार या शब्दाचं आपण काय केलं?

आजचा विषय तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तराकडे कसा काय आला, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना नक्की पडला असणार. उभ्या असलेल्या इमारती भूकंपाला टिकतील अशा कशा करायच्या, हा स्थापत्य अभियंत्यांचा विषय. तो त्यांचाच आहे, आणि सळई किती मिलिमीटरची घ्यायची हे आम्ही आज सांगणार नाही. पण ज्ञान उपलब्ध आहे, साहित्य उपलब्ध आहे, गवंडी आहेत, नियमांच्या पुस्तिका छापून तयार आहेत आणि तरीही काम होत नाही, असं जेव्हा दिसतं तेव्हा अडचण विचारात असण्याची शक्यता बरीच असते. विचारातली अडचण शोधायची, हा आमचा जुना धंदा. तेव्हा आज आपण एका विचारपद्धतीची समीक्षा करू. ती कुणा एका सरकारची किंवा खात्याची नाही. ती आपल्या सगळ्यांची आहे.

सुरुवात एका शब्दापासून करू. आपल्या जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ साली चौंडीत झाला, म्हणजे आपल्याच जामखेड तालुक्यात. त्यांचं नाव काढलं की पाठोपाठ कोणता शब्द येतो? जीर्णोद्धार. देशभरातली देवळं, घाट, विहिरी, धर्मशाळा. काही त्यांनी नव्याने बांधल्या, काही मोडकळीला आलेल्या पुन्हा उभ्या केल्या. आता हा शब्द फोडून पाहा. जीर्ण म्हणजे झिजलेलं, जुनं झालेलं. उद्धार म्हणजे वर काढणं. जे झिजलं आहे, त्यालाच वर काढायचं. ते टाकून देऊन त्याच्या जागी दुसरं आणायचं, हा अर्थ या शब्दात कुठेही नाही.

आज आपण हा शब्द कसा वापरतो? गावात जीर्णोद्धार समिती स्थापन होते, वर्गणी गोळा होते आणि पहिलं काम काय होतं? जुनं दगडी देऊळ उतरवलं जातं. त्या जागी स्लॅब पडतो, गुळगुळीत फरशी येते, शिखराला ऑइलपेंट लागतो. यात कुणाच्या श्रद्धेबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पण शब्दाचा अर्थ उलटा झाला आहे, हे मान्य करावं लागेल. उद्धार करायचा म्हणून जीर्ण आधी नाहीसं करायचं.

सरकारी कागदावर तर हा शब्दही नाही. तिथे साधारणपणे तीन शब्द चालतात. निर्लेखन, म्हणजे इमारत कागदावरून खोडायची आणि मग पाडायची. नवीन बांधकाम. आणि दुरुस्ती. दुरुस्ती म्हणजे व्यवहारात काय? पत्रे बदलणं, फरशी बसवणं, दारं-खिडक्या आणि रंगरंगोटी. इमारत आहे तशी ठेवून तिची मूळ ताकद वाढवायची, ती बांधली तेव्हा होती त्याहूनही जास्त करायची, याला अभियंते ‘बळकटीकरण’ म्हणतात. तो शब्द पुस्तकात आहे, ग्रामसभेत नाही. आणि ज्या गोष्टीला बोलण्यात शब्द नसतो, तिच्यासाठी ठराव कसा मांडायचा? निधी कसा मागायचा?

आता किल्लारीकडे येऊ. किल्लारीची आठवण आहे, पण किल्लारीचं वाचन आपण नीट केलं नाही, असं आमचं आजचं प्रतिपादन आहे.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाटे चारच्या सुमाराला लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जमीन हलली. माणसं गेली ती आठ हजारांच्या आसपास. काही अंदाज त्याहून मोठे आहेत. आता एक बाब नीट ध्यानात घ्या. या भूकंपाची तीव्रता सव्वासहाच्या आसपास होती. याहून मोठे भूकंप जगात होतात आणि काही ठिकाणी त्यात मोजकीच माणसं दगावतात. मग इथे एवढी का गेली?

तिथल्या घरांची रचना आपल्याला अनोळखी नाही. आपल्याकडे जामखेड, पाथर्डी, शेवगाव या बाजूला अशी घरं अजून दिसतात. दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत, दगड मातीत बसवलेले. वर माळवद: लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या, आणि त्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी आणखी माती टाकायची. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, आपण टाकली. डोक्यावरचं ओझं पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलं, आणि ते वाढतंय हे कुणाला जाणवलंही नाही.

आणि ती जाड भिंत? ती बाहेरून एक दिसते, असतात दोन. एक पदर बाहेरच्या दगडांचा, एक आतल्या दगडांचा, आणि मधल्या पोकळीत माती आणि कपच्या. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा लांब आरपार दगड जागोजाग घालायला हवा. जुन्या जाणत्या पाथरवटाला हे माहीत होतं. पण लांब दगड महाग, घडायला वेळ जास्त, म्हणून पुढे तो वगळला जाऊ लागला. कोपऱ्यावर एक भिंत दुसरीत गुंतवायची, तेही सैल झालं. जमीन हलल्यावर पदर फुगले, सुटले आणि ढासळले. काही घरांत भिंती पडल्या, पण लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा जागेवर उभा राहिला. ही गोष्टही नोंदवलेली आहे.

यातून निष्कर्ष काय निघायला हवा होता? घर सामानामुळे पडत नाही, सांध्यांमुळे पडतं. भिंतीचा भिंतीशी संबंध, भिंतीचा छपराशी संबंध, आतल्या पदराचा बाहेरच्या पदराशी संबंध. आमच्या वैशेषिक दर्शनात संयोग आणि समवाय असा भेद करतात. दोन वस्तू नुसत्या एकमेकींना टेकलेल्या असतील तर तो संयोग. वेगळ्या करता येतात. कापड आणि त्याचे धागे यांच्यात असतो तो समवाय; तो तोडला तर कापडच उरत नाही. शास्त्रकार रागावतील, पण उपमा म्हणून चालवून घ्या: किल्लारीच्या घरात छप्पर भिंतीवर नुसतं ठेवलेलं होतं, भिंत भिंतीला नुसती टेकली होती. सगळा संयोगाचा संसार. बळकटीकरण म्हणजे या संयोगाला होता होईल तेवढं समवायाकडे नेणं.

ते कसं करतात, हे थोडक्यात पाहू. भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडायचं, त्यात टोकं वळवलेली सळई घालायची आणि काँक्रीट भरायचं. झाला आरपार दगड, घर न पाडता, नंतर घातलेला. मग दारं-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर आणि छताच्या खाली, भिंतींना घट्ट धरून, जाळी आणि सळयांचा पट्टा घराभोवती फिरवायचा आणि त्यावर सिमेंटचा गिलावा करायचा. बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडी धाव चढवतो, तसं समजा. चाक लाकडाच्या वेगवेगळ्या तुकड्यांचं असतं. धाव चढली की ते सगळे तुकडे एक होऊन चालतात. शिवाय कोपऱ्यांना उभी जाळी, खांब आणि तुळईच्या सांध्यात तिरपे टेकू, आणि माळवदावरची फाजील माती उतरवून पाणी अडवायची दुसरी सोय. यात परदेशातून आणायचं काही नाही. गवंडी, सुतार, वेल्डिंगवाला, आणि काय करायचं ते सांगणारा एक जाणता माणूस.

हे ज्ञान तेव्हा नव्हतं म्हणावं तर तसंही नाही. साध्या दगड-विटांच्या इमारतींना भूकंपात टिकवण्याबद्दलच्या आणि इमारतींची दुरुस्ती व बळकटीकरण कसं करावं याबद्दलच्या भारतीय मानक ब्यूरोच्या संहिता, आयएस १३८२८ आणि आयएस १३९३५, यांच्यावर साल आहे १९९३. किल्लारीचंच साल.

किल्लारीनंतर पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम जागतिक बँकेच्या साहाय्याने झाला. त्याचे दोन चेहरे होते. पहिला सगळ्यांना माहीत आहे: ५२ गावं उठवून नव्या जागी वसवली, आखीव रस्ते, सारखे प्लॉट, नवी घरं. दुसरा चेहरा फारसा कुणाला आठवत नाही. १३ जिल्ह्यांमध्ये सुमारे दोन लाख घरं जागच्या जागी दुरुस्त आणि बळकट करायची होती. मालकाने स्वतः काम करून घ्यायचं, सरकारने हप्त्याने पैसे आणि तांत्रिक सल्ला द्यायचा. गावोगावी बायकांमधून ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था त्या कामात होती. कल्पना म्हणून हा कार्यक्रम फार मोलाचा. गाव उठवायचं नाही, शेजार मोडायचा नाही, आहे तेच घर मजबूत करायचं.

झालं काय? अनेक कुटुंबांनी त्या पैशात जुन्या घराच्या शेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. जुनं घर होतं तसंच राहिलं, आणि माणसंही त्यात राहत राहिली. त्या कुटुंबांना दोष देणं सोपं आहे, आणि अन्यायाचंही आहे. शेजारी-पाजारी दगडाखाली माणसं गेलेली. त्यांच्या दृष्टीने दगडाने मारलं होतं. नवी खोली दिसते, तिचा फोटो निघतो, सोयरीक जुळवताना ती मोजली जाते. भिंतीच्या पोटात घातलेली सळई कुणाला दिसणार? ज्याने सल्ला द्यायचा त्याच्याही मनात दगड-मातीच्या घराविषयी विश्वास नसेल, तर घरमालकाने तो कुठून आणायचा?

या टप्प्यावर अठराव्या शतकातलं एक उदाहरण आठवतं. १ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बन शहर भूकंपाने आणि त्यानंतरच्या लाटा-आगींनी उद्ध्वस्त झालं. युरोपातल्या विचारवंतांत वाद पेटला: देव दयाळू असेल तर हे कसं? व्होल्टेअरने त्यावर कविता लिहिली. रूसोने पुढच्या वर्षी त्याला पत्र लिहून वेगळाच मुद्दा काढला. त्याचा आशय असा, की उंच उंच घरं एवढ्या दाटीने तिथे निसर्गाने रचली नव्हती, माणसांनी रचली होती. प्रश्न देवाच्या न्यायाकडून माणसाच्या बांधकामाकडे वळला. आणि लिस्बनची फेरबांधणी करताना त्यांनी काय केलं? भिंतींच्या आत लाकडी पिंजरा बसवला, सांधे घट्ट असलेला. आपल्या जुन्या वाड्यांत खांब-तुळयांचा जो सांगाडा असतो, त्याचा हा दूरचा भाऊ म्हणा. ते संकटानंतर त्या पिंजऱ्यापर्यंत आले. आपण आपला सांगाडा सागवानाच्या भावाने विकतो.

लाकडाकडून आता काँक्रीटकडे येऊ, कारण इथेच किल्लारीचं दुसरं चुकीचं वाचन झालं. दगड वाईट, म्हणून सिमेंट चांगलं. या निष्कर्षाला आठ वर्षांच्या आत उत्तर मिळालं. २६ जानेवारी २००१, भूजचा भूकंप. केंद्रापासून दोनशे किलोमीटरांहून लांब असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेकींची रचना सारखी होती: खाली मोकळं पार्किंग, नुसते खांब, वर भिंतींनी भरलेले मजले. वरचा भाग कडक पेटीसारखा, खालचा बारीक पायांचा. जमीन हलली की सगळा ताण त्या पायांवर येतो.

आता सावेडी, केडगाव किंवा तुमच्या गावचा स्टँडजवळचा भाग डोळ्यांपुढे आणा. अशा किती इमारती आहेत? यांचंही बळकटीकरण होऊ शकतं. खांबांना बाहेरून सळया आणि काँक्रीटचं जाड वेष्टन देता येतं. पार्किंगच्या काही गाळ्यांत खालपासून वरपर्यंत काँक्रीटची भिंत किंवा पोलादी तिरप्या पट्ट्या घालता येतात. काँक्रीटच्या जुन्या इमारतींसाठी आयएस १५९८८ ही संहिता २०१३ पासून आहे. पण एक गाडी लावायची जागा जाईल म्हटल्यावर सोसायटीची सभा तिथेच संपते.

कुणी म्हणेल, तपासणी होते की! महानगरपालिकांच्या कायद्यात ३० वर्षांहून जुन्या इमारतींच्या संरचनात्मक तपासणीची तरतूद आहे. ती हवीच. पण ही तपासणी प्रश्न कोणता विचारते? इमारत झिजली आहे का, राहायला धोकादायक झाली आहे का. हा उभ्या भाराचा, गंजाचा, गळतीचा प्रश्न आहे. ‘ही इमारत आडवी हलवली तर काय होईल?’ हा प्रश्न वेगळा. पहिल्याचं उत्तर ‘ठीक आहे’ आलं, म्हणून दुसऱ्याचंही तेच येईल, असं नाही. दहा वर्षांची नवी इमारतही दुसऱ्या प्रश्नात नापास होऊ शकते.

आता सगळ्यात लाडका युक्तिवाद. “आपल्याकडे कधी झालाय का भूकंप?”

हा युक्तिवाद आम्ही वर्गात अनुमानाची चूक म्हणून शिकवू शकलो असतो. मीमांसक आणि नैयायिक यांनी या प्रश्नाचा फार बारीक विचार केला आहे. एखादी वस्तू दिसत नाही, एवढ्यावरून ती नाही असं कधी म्हणता येतं? जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कळतं, कारण उजेड आहे, डोळे धड आहेत, आणि घडा असता तर दिसला असता. याला योग्यानुपलब्धि म्हणतात. पण पिशाच्च दिसत नाही, म्हणून ते इथे नाही, असं सिद्ध होत नाही. कारण ते असतं तरी दिसलं असतं, याची खात्रीच नाही. पिशाच्च आहे असं कुणी म्हणत नाही हो, मुद्दा पुराव्याचा आहे. आता भूकंपाला हे लावा. एखाद्या ठिकाणी दोन मोठ्या भूकंपांमधलं अंतर शेकडो, हजारो वर्षांचं असू शकतं. आपली आठवण किती? आजोबा-पणजोबांपर्यंत. एवढ्या तोकड्या आठवणीत भूकंप दिसला नाही, यावरून तो नाही असं ठरत नाही. तो दिसेल इतका वेळ आपण पाहतच नाही.

किल्लारीचा भाग १९९३ साली देशाच्या भूकंप-नकाशावर पहिल्या झोनमध्ये होता. म्हणजे सर्वांत कमी धोक्याचा. २००२ साली संहिता सुधारली, तेव्हा पहिला झोन काढूनच टाकला; दोन ते पाच असे चारच राहिले. तज्ज्ञांनी अधिकृतपणे सांगितलं, की या देशात अजिबात काळजी करू नका अशी जागा नाही. त्याही आधी, ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला, तोवर दख्खनचं पठार म्हणजे स्थिर खडक, असाच समज होता. आपल्या जिल्ह्यात संगमनेर तालुक्याच्या पठार भागात, बोटा-घारगाव परिसरात, अलीकडच्या काळात सौम्य धक्के जाणवले आहेत. त्यावरून उद्या मोठा भूकंप येणार असं भाकीत कुणीही करू नये. आम्हीही करत नाही. पण ‘आपल्याकडे होत नाही’ हे वाक्य तेवढं आता मागे घ्यायला हवं.

सरकारला आणि समाजाला बळकटीकरण समजत नाही असंही नाही. कोयनेच्या भूकंपात १०३ मीटर उंचीच्या त्या धरणाला भेगा पडल्या. भिंतीचा मागचा उतार जिथे बदलतो, त्या उंचीच्या आसपास. धरण पाडलं का? नाही. भेगा भरल्या, पोलादी तारांनी भिंत ताणून आवळली, आणि मग मागच्या अंगाने काँक्रीटचे भक्कम टेकू दिले. आपल्या अकोले तालुक्यातलं भंडारदऱ्याचं धरण १९२६ चं, दगडी. १९६९ साली त्याला तडे आणि गळती दिसली. ते तडे भूकंपाचे होते असं आमचं म्हणणं नाही; मुद्दा उपायाचा आहे. तेही पाडलं नाही, बळकट केलं. आज प्रवरेच्या काठचा ऊस त्या निर्णयावर उभा आहे.

म्हणजे जे टाकून देणं परवडत नाही, ते आपण मजबूत करतो. यातून उलट बाजूने काय निघतं, ते पाहा. शाळेची खोली, गरिबाचं दोन खणांचं घर, आपण मजबूत करत नाही, याचा अर्थ ते टाकून देण्यासारखं आहे असं आपण मनात धरलेलं असतं. ‘आता काय, नवीनच बांधू.’ पण ज्याला नवीन बांधता येत नाही, त्याच्यासाठी ते घर कोयनेच्या धरणाइतकंच बदली न मिळणारं आहे. घरकुल मंजूर होईपर्यंत तो कुठे झोपतो? जुन्याच घरात. नवी वर्गखोली मंजूर होईपर्यंत मुलं कुठे बसतात? जुन्याच खोलीत, नाहीतर देवळात, झाडाखाली. ‘नवीन बांधू’ हे वाक्य भविष्यकाळी आहे. धोका वर्तमानकाळी आहे.

२८ ऑगस्ट २०१७ रोजी नगर तालुक्यातल्या निंबोडी गावात जिल्हा परिषद शाळेचं छत पावसात कोसळलं. तीन मुलं गेली. तिथे भूकंप नव्हता, हे खरं आहे. आणि म्हणूनच हे उदाहरण घेतलं. वर्षातून चार महिने पाऊस हा आपल्याकडचा संथ भूकंप आहे. छत भिंतीला बांधलेलं असणं, भिंतीचे पदर सुटू न देणं, वरचं ओझं कमी करणं, पाणी मुरू न देणं, यातली बहुतेक कामं दोन्ही संकटांना उपयोगी पडतात. त्यामुळे ‘भूकंप शंभर वर्षांत आला नाही तर पैसे वाया’ हा हिशेबही कच्चा आहे.

आक्षेपांना उत्तर द्यायला हवं, नाहीतर हे व्याख्यान न राहता प्रवचन होईल.

पहिला आक्षेप: सगळ्या इमारती वाचवण्यासारख्या नसतात. मान्य. पायाच खचलेला असेल, सळया गंजून काँक्रीट आतून पोखरलं असेल, तर पाडणंच शहाणपणाचं. पण पाडायचं की वाचवायचं, हे तपासून ठरवावं. आज बहुतेक वेळा ते वयावरून आणि दिसण्यावरून ठरतं.

दुसरा आक्षेप: यात काम करणाऱ्याची फसगत होईल. वरवर जाळी मारून गिलावा केला, बिल निघालं, आत काही नाही. ही भीती खरी आहे. नव्या इमारतीतली लबाडी निदान कधीतरी डोळ्यांना दिसते. भिंतीच्या पोटातली दिसत नाही. यावर उपाय एकच: गिलावा चढण्याआधी पाहणारे डोळे. जाळी भिंतीला किती ठिकाणी ठोकली, भोकं आरपार गेली का, हे सातवीतल्या मुलालाही मोजता येतं. संवाद सहायक बायकांची कल्पना इथेच मोलाची होती.

तिसरा आक्षेप फारसा कुणी उघड बोलत नाही. नगरच्या जुन्या पेठांत असे वाडे आहेत, जिथे मालक आणि भाडेकरू यांच्यात पिढ्यांचं भांडण आहे. मालकाला वाटतं, भाडं शंभर रुपये, मी कशाला खर्च करू? भाडेकरूला वाटतं, वाडा माझा नाही, मी कशाला करू? आणि मनातल्या मनात कुणीतरी वाडा पडण्याची वाट पाहत असतं. इथे अभियंता काहीही करू शकत नाही. इथे कायद्याने आणि पंचांनी मध्ये पडायला हवं, कारण पडणारी भिंत करारनामा वाचून पडत नाही. ती गल्लीतून जाणाऱ्याच्याही अंगावर येते.

नगरच्या किल्ल्याची गोष्ट इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. मोगलांच्या वेढ्यात सुरुंगाने तटाला खिंडार पडलं आणि चांदबिबीने ते रातोरात बुजवून घेतलं. ती गोष्ट आपण चारशे वर्षं सांगतो, आणि सांगावीच. पण पाहा, गोष्ट खिंडार बुजवल्याची आहे. खिंडार पडू नये म्हणून आदल्या वर्षी कुणी तटाचा एखादा कमजोर भाग भक्कम करून ठेवला असेल, तर त्याचं नाव कुठेही नाही. कारण तिथे काही घडलंच नाही. बळकटीकरणाची खरी अडचण ही आहे. त्याचं यश म्हणजे एक न घडलेली घटना. न पडलेल्या शाळेचं उद्घाटन होत नाही. न मेलेल्या मुलांची यादी निघत नाही. जे दिसत नाही त्याचं श्रेय कुणाला मिळत नाही, आणि श्रेय नाही तिथे निधी जात नाही.

म्हणून आमची सूचना अगदी लहान आहे. तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीवर असाल, ग्रामसभेला जात असाल किंवा सोसायटीचे सभासद असाल, तर पुढच्या बैठकीत चार प्रश्न विचारा. छत भिंतीला बांधलेलं आहे की नुसतं ठेवलेलं? भिंती कोपऱ्यांत एकमेकींत गुंतलेल्या आहेत का? छताखाली सगळ्या भिंतींना फिरून येणारा एखादा अखंड पट्टा आहे का? खालचा मजला वरच्यापेक्षा मोकळा आणि दुबळा आहे का? उत्तरं माहीत नसतील तर ‘माहीत नाही’ असं इतिवृत्तात लिहून घ्या, आणि ती शोधायला अभियंत्याला बोलवा. दुसरं, दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात रंगाच्या ओळीच्या वर एक ओळ बळकटीकरणाची येऊ द्या. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांना प्रकल्प हवेच असतात. त्यांना गावच्या शाळेच्या भिंती मोजायला लावा.

आणि शेवटची विनंती भाषेची आहे, कारण आमच्याकडे तेवढंच भांडवल. ‘जीर्णोद्धार’ हा शब्द देवळाच्या आवारातून बाहेर काढा. शाळेचा जीर्णोद्धार, वाड्याचा जीर्णोद्धार, दोन खणांच्या घराचा जीर्णोद्धार, असं म्हणायला लागा. ठरावात तसं लिहा. सुरुवातीला लोक हसतील. हसू द्या. जिच्या नावाने आता हा जिल्हा ओळखला जातो, त्या बाईच्या नावाला जोडलेला शब्द आहे तो. जिल्ह्याच्या पाट्यांवरचं नाव बदललं, भिंती मात्र त्याच आहेत, आणि त्यांच्या आत मुलं बसलेली आहेत.

आता प्रश्न असतील तर घेऊ.